चेहऱ्याची घासपूस

दिवाळीच्या पहाटे उटण्याने अंग चोळताना हाताखाली मळाच्या वळ्या निघतात. त्यांत धुळीबरोबर कातडीच्या वरच्या थरातील मेलेल्या पेशीही असतात. १९८५ च्या सुमारास इटलीत निघालेली ‘मायक्रोडर्माब्रेजन’ ही पद्धत हेच काम यंत्राने करते. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण नळीतून चेहऱ्यावर सोडायचे आणि सुटलेल्या भुकटीसह लगेच शोषून घ्यायचे. भूल द्यावी लागत नाही. चेहरा काही वेळ लालसर होतो, मग तुकतुकीत दिसतो.

येथवर ठीक. पण मुरमांचे खोल खड्डे असतात खालच्या थरात. तेथे ही घासणी पोहोचतच नाही. लग्न ठरलेल्या मुलीला ‘खड्डे भरून निघतील’ असे कोणी सांगितले, तर ती निव्वळ फसवणूक होय. शिवाय आपल्याकडील सावळी कातडी अधिक घासली की चिडते आणि बरी होताना काळे डाग धरते. म्हणजे जे घालवावयास गेलो, तेच पदरात! मुरूम पिकलेले असताना किंवा ओठांवर फोड उठलेले असताना तर यंत्र लावूच नये. त्वचारोगतज्ज्ञाला आधी दाखवावे, आणि नंतर काही दिवस चेहरा उन्हापासून जपावा.