श्रम, दम आणि ताकद



बीड जिल्हा हा कष्टकऱ्यांचा जिल्हा आहे. बालाघाटच्या रांगांतील हलक्या जमिनी, बेभरवशाचा पाऊस आणि दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या वाटेला लागणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या, ही त्याची सर्वपरिचित ओळख होय. परंतु याच जिल्ह्याने देशाला दोन नामवंत खेळाडूही दिले आहेत. आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक, तर २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकाविले. पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांनी २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळविले.

एक धावपटू, दुसरा मल्ल. एकाचे भांडवल दम, दुसऱ्याचे ताकद, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः दोघांनाही दोन्ही लागतात. स्टीपलचेसमध्ये धावता धावता २८ अडथळे आणि पाण्यावरील ७ उड्या पार कराव्या लागतात. पायांत बळ नसेल तर नुसता दम तेथे पुरा पडत नाही. उलट, मल्लाचा श्वास फुलला की त्याच्या दंडातील ताकद वाया जाते. जुन्या तालमींतून जोर-बैठकांच्या जोडीला पहाटेची धाव होती, ती याच कारणासाठी.

हा विषय केवळ खेळाडूंपुरता नाही. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० व १०० मीटर, तर महिलांना ८०० व १०० मीटर धावावे लागते आणि दोघांनाही गोळाफेक करावी लागते. म्हणजे दम, वेग व ताकद या तिन्हींची परीक्षा. या भरतीची तयारी करणारी ग्रामीण भागातील अनेक मुले-मुली पहाटे धावतात, दिवसभर शेतात अथवा बांधकामावर राबतात आणि सायंकाळी वजने उचलतात. जिद्द वाखाणण्याजोगी आहे. परंतु शरीराचा हिशेब कोणी ठेवत नाही. मग नडगी दुखू लागते, गुडघा सुजतो आणि ऐन चाचणीच्या वेळी उमेदवार मागे पडतो.

अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे एका गटाने केवळ ताकदीचा, दुसऱ्याने केवळ दमाचा आणि तिसऱ्याने दोन्ही प्रकारचा कठोर व्यायाम केला. तिसऱ्या गटाचा दम वाढला. मात्र ताकद काही आठवडे वाढून पुढे थांबली व अखेरीस घटू लागली. बोध असा की, दोन्ही व्यायाम एकत्र करता येतात, परंतु दोन्ही रोज आणि पराकोटीचे करू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल व किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचविला आहे.

मग कष्टाचे काम करणाऱ्याने व्यायाम करावाच का? ऊस तोडणारा मजूर दिवसभर कंबरेत वाकून कोयता चालवितो, मोळ्या डोक्यावरून वाहतो. हंगामात त्याला गरज आहे ती विश्रांतीची, पाण्याची आणि पुरेशा आहाराची. परंतु कामाचे श्रम हा परिपूर्ण व्यायाम नव्हे. त्यात तेच स्नायू तासन्‌तास राबतात, ताण एकाच बाजूवर पडतो आणि थांबणे आपल्या हाती नसते. व्यायामात ओझे हळूहळू वाढविता येते आणि विसावाही घेता येतो.

म्हणून नियोजन करताना प्रथम कामाचा हिशेब मांडावा. ज्या दिवशी नांगरणी, खोदाई वा हमाली आहे, तो दिवस ताकदीचाच समजावा. त्या दिवशी वजने उचलू नयेत, फार तर बोलता येईल इतक्याच वेगाने थोडे धावावे. हलक्या कामाच्या दोन दिवशी जोर, बैठका वा वजने घ्यावीत. वेगाची धाव वेगळ्या दिवशी ठेवावी. दोन्ही एकाच दिवशी करणे भाग असेल, तर एक सकाळी व दुसरे सायंकाळी करावे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. उन्हाळ्यात धाव उजाडण्यापूर्वीच आटोपावी. भाकरीसोबत डाळ, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे व शक्य तेथे दूध-अंडी असावीत. झोपेत कपात करून केलेला सराव अंगी लागत नाही.

येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांचे कार्य मोलाचे ठरेल. शाळेचे मैदान सपाट करून पहाटे खुले ठेवणे, मुलींना निर्धास्तपणे धावता येईल अशी व्यवस्था करणे, दुखापत अंगावर काढणाऱ्या मुलाला वेळीच आरोग्य केंद्रात पाठविणे, यांस फार मोठा निधी लागत नाही. मुलांना जिद्द शिकवावी लागत नाही. ती घरच्या कष्टांतून त्यांच्या अंगी आलेलीच आहे. आज काम किती झाले, असे विचारून मगच सराव ठरविणारा एक जाणता माणूस मात्र प्रत्येक गावात हवा.