न पाहिलेल्या कामावरची सही

काँक्रीटच्या चाचणीचा क्यूब १५० मिलिमीटरचा असतो. ताजा माल साच्यात तीन थरांत भरतात, प्रत्येक थर सळईने ठोकतात, दुसऱ्या दिवशी साचा सोडवून क्यूब पाण्यात ठेवतात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दाबयंत्रात फोडतात. एम-२५ प्रतीच्या क्यूबने साधारण ५७ टनांचा भार पेलायला हवा. किती पेलला तो आकडा रजिस्टरात चढतो आणि त्यापुढे कनिष्ठ अभियंत्याची सही होते. स्थापत्य अभियंत्याच्या प्रामाणिकपणाची सुरुवात या सहीपासून होते. आज पदवी घेणाऱ्या सर्व स्नातकांचे अभिनंदन. त्यांतले बरेच जण वर्षभरात अशी पहिली सही करतील, तेव्हा बोलायचे ते तिच्याविषयीच बोललेले बरे.

खोटे रजिस्टर ओळखायला फार हुशारी लागत नाही. खऱ्या काँक्रीटचे निकाल वरखाली होतात. वाळू ओली असते, खडीची खाण बदलते, संध्याकाळी दमलेला मिक्सरवाला पाणी जरा सढळ हाताने सोडतो. एकाच नमुन्याच्या तीन क्यूबांतही फरक पडतो आणि भारतीय मानकाने सरासरीच्या १५ टक्क्यांपर्यंतची तफावत चालवून घेतली आहे. खोटे आकडे मात्र प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारखे सरळ उभे असतात: २७.१, २७.३, २७.२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सहा महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, मार्चअखेर बिल काढायच्या आदल्या रात्री. काही ठिकाणी तर तपासणीसाठी जादा सिमेंट घालून वेगळेच क्यूब बनवतात. प्रत्यक्षातल्या स्लॅबशी त्यांचा काही संबंध नसतो. मोजमाप पुस्तकाचे नियम पाहावेत तर भलतेच कडक. पानांवर छापील क्रमांक, खाडाखोड वर्ज्य, चुकलेली नोंद रेघ मारून तिथे आद्याक्षरी करायची. नियम करणाऱ्याने शाईचा बंदोबस्त चोख केला. जो टेप घेऊन जागेवर गेलाच नाही, त्याचा बंदोबस्त नियमाने होत नाही.

तो होतो कामाच्या ओढीने. प्रामाणिकपणावरची व्याख्याने बहुधा पैशांभोवती फिरतात. टक्केवारीचा रोग खराच आहे आणि तो वरून खाली आला आहे. पण प्रस्तुत वक्त्याच्या पाहण्यातल्या खोट्या सह्यांपैकी पुष्कळशा कोणी पैसे देऊन घेतलेल्या नव्हत्या, त्या कंटाळ्यापोटी झाल्या होत्या. स्लॅब रात्री दोनपर्यंत चालतो, डबा संध्याकाळीच संपलेला असतो, पाऊस येऊ घातलेला असतो. ज्याला काम आवडते तो तरीही थांबतो, कारण त्याला बघायचे असते. आणि जो थांबून बघतो, त्याला खोटे लिहिण्याची गरजच पडत नाही.

प्रस्तुत वक्त्याच्या उमेदवारीच्या काळात कालव्याच्या एका जलसेतूवर एक म्हातारा मुकादम होता. शाळा चौथीपर्यंत. मिक्सरच्या आवाजावरून पाणी जास्त झाल्याचे तो ओळखी, आणि फळ्यांच्या सांध्यांतून सिमेंटचे पाणी गळताना दिसले की कोणालाही न विचारता काम थांबवी. "सायेब, जीव गळतोय त्याचा," एवढेच म्हणे. त्याच कामावरच्या एका कनिष्ठ अभियंत्याच्या रजेत एका खांबाचा पाया भरून घेण्यात आला. रजेवरून परतल्यावर त्या मोजमापावर सही करायला त्याने नकार दिला. वरिष्ठांनी आधी समजावले, मग दटावले आणि शेवटी त्याची भांडारात बदली केली. तिथे तो गंजलेल्या पाइपांच्या आणि कुदळींच्या याद्या करत बसला. पुढे त्या पायाची चौकशी लागली. सह्या करणारे वकील शोधत फिरले. भांडारातला माणूस साक्षीला आला, जे घडले ते सांगितले आणि बाहेर झाडाखाली बसून डबा खाल्ला. बढती त्यानंतरही रखडलीच, हे सांगायला हवे. अशा माणसाला नोकरीत असताना जागा द्यायची पद्धत या व्यवसायात कधी रुजली नाही. निरोप समारंभात मात्र त्याच्या सचोटीचे गोडवे गायले जातात.

तीच गत विश्वेश्वरय्यांची. दर १५ सप्टेंबरला अभियंता दिनी त्यांच्या तसबिरीला हार पडतो. १८८३ साली पुण्यातून अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेली त्यांची स्वयंचलित दारे पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की आपोआप उघडत. पण हार घालणाऱ्यांपैकी किती जणांना त्या दारांची यंत्रणा कागदावर काढून दाखवता येईल? १९०८ मध्ये त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबादची दैना केली आणि पूरनियंत्रणाची योजना आखायला निजाम सरकारने त्यांनाच बोलावले. १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. खुर्ची सुटली तरी त्यांचे काही अडले नाही, कारण त्यांचे वजन हुद्द्यात नव्हते, कामाच्या जाणकारीत होते.

कामाच्या जाणकाराला कुठे पाहायचे हेही कळावे लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता. त्या प्रकरणात कोण चुकले याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण पुलाच्या पायाखालची धूप रस्त्यावरून दिसत नाही. त्यासाठी पाण्यात उतरावे लागते, खोली मोजावी लागते. तेवढे जमले नसेल, तर जमले नाही असे अहवालात लिहिता येते. त्याला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

पहिल्या नोकरीत असे एखादे रजिस्टर नव्या अभियंत्यापुढे येईलच. बाकी सगळ्यांच्या सह्या झालेल्या असतील, एकच जागा रिकामी असेल आणि कोणीतरी जुनाजाणता म्हणेल, "अरे, कर सही, फॉर्मॅलिटी आहे." त्या जागी स्वच्छ अक्षरात 'प्रत्यक्ष पाहिले नाही' असे लिहावे, खाली तारीख घालावी आणि त्या पानाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.