नाटकाचा सूर सांभाळणारा

(श्रींच्या वार्षिक उत्सवात, नाट्यप्रयोगाच्या पूर्वसंध्येस केलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवातील नाटकासाठी गेली चाळीस वर्षे ह्या मंडपात पेटीवर बसणाऱ्या माणसाला आज आपण उभे राहून बोलण्याची आज्ञा केलीत. माझी जागा रंगमंचाच्या कडेची. लोकांसमोर येण्याची सवय नाही. तरी जे काम आयुष्यभर केले, त्या नाटकाच्या संगीत दिग्दर्शनाविषयी चार शब्द आपल्यापुढे ठेवतो.

संगीत दिग्दर्शक म्हणजे पदांना चाली देणारा, अशी त्याची ओळख करून देण्यात येते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. पद कोणाच्या तोंडी आहे, त्याआधीचे वाक्य कोणते आणि पद संपल्यावर नाटकाला कोठे जायचे आहे, हे त्याला प्रथम पाहावे लागते. मैफलीत राग हा धनी असतो. नाटकात प्रसंग धनी, आणि राग त्याचा चाकर. उत्तम चाल सुचली तरी प्रसंगाला ती जड होत असेल, तर बाजूला ठेवण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, तोच खरा संगीत दिग्दर्शक.

जुनी नाट्यपुस्तके उघडली तर पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या परिचित गाण्याचा निर्देश आढळतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी, दिंडी, लावणी अशा लोकांच्या कानांत बसलेल्या चालींचा त्यांनी मोठा उपयोग केला. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-दादऱ्याचे वळण आणले. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले यांनी ख्यालगायकीचा भारदस्त बाज बालगंधर्वांच्या गळ्याला साजेल असा करून दिला. बुवांची विद्या अफाट होती, परंतु रुक्मिणीच्या तोंडी त्यांनी रुक्मिणीपुरतीच ठेवली, ही त्यातील खरी थोरवी.

पुढे काळ पालटला. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आले. त्यात पदे मोजकी होती, आणि केशवराव भोळे यांनी ती भावगीताच्या अंगाने बांधली. त्याच नाटकात भूमिका करणाऱ्या ज्योत्स्नाबाई भोळे ह्या आपल्याच गोमंतकातील बांदिवड्याच्या. १९४२ च्या ‘कुलवधू’तही त्याच गाजल्या, तेथे चाली होत्या मास्तर कृष्णरावांच्या.

आणि मंगेशीचे पंडित जितेंद्र अभिषेकी! त्यांचे वडील कीर्तनकार. देवळातले कीर्तन ऐकत वाढलेल्या ह्या गायकाने १९६४ साली, धि गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणलेल्या ‘मत्स्यगंधे’ला संगीत दिले आणि मरगळलेल्या संगीत नाटकात पुन्हा चैतन्य आले. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये तर कसोटी अधिकच कठीण होती. दोन घराण्यांचा झगडा हाच तेथे नाट्यविषय. रागाचे नाव ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही हे गाणे पंडितजींचे आणि हे खाँसाहेबांचे, असे कानानेच कळले पाहिजे. अभिषेकीबुवांनी एकाच पदाला दोन निराळ्या चाली दिल्या. शब्द तेच, पण स्वभाव दोन! संगीत दिग्दर्शन म्हणजे काय, ह्याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

आता थोरांच्या पंगतीतून उठून मी आपल्या मंडपात येतो. आमच्यासारख्यांना नव्या चाली क्वचितच द्याव्या लागतात. आम्ही जुन्या चाली सांभाळतो. पण पट्टी ठरविणे, नटाचा दम पाहून आलाप आखणे, तबलजीला खूण करणे आणि नट वाक्य विसरला तर त्याला आठवेपर्यंत सूर धरून ठेवणे, ही कामे थोरांना चुकली नाहीत तशी आम्हांलाही चुकत नाहीत.

पुष्कळ वर्षांपूर्वी ‘सौभद्रा’त कृष्णाच्या भूमिकेसाठी आवाजाचा गोड असा एक मुलगा मिळाला होता. तालमी काळी १ मध्ये झाल्या. प्रयोगाच्या दिवशी भाड्याचा ऑर्गन संध्याकाळी पोहोचला. तो आमच्या पेटीहून अर्ध्या सुराने चढा होता. घाईत मी तो पेटीशी ताडून पाहिला नाही. दुसऱ्या अंकापर्यंत मुलाने कसेबसे निभावले. तिसऱ्यात वरच्या षड्जाला त्याचा आवाज फाटला आणि मंडपात हशा पिकला. त्याने पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. दोष त्याचा नव्हता, ऑर्गनचाही नव्हता. सूर ताडून पाहणे हे माझे काम होते. आज तो महाजन म्हणून उत्सवात पालखीला खांदा देतो, मला नमस्कारही करतो. आणि दर वेळी माझी मान खाली जाते.

म्हणून आपल्यापाशी तीन मागणी आहेत. पहिली, वाद्ये आणि साथीदार प्रयोगाच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान आठवडाभर आधी मिळावेत. दुसरी, खर्च वाचतो म्हणून ध्वनिमुद्रित साथ आणण्याचा विचार गेल्या बैठकीत निघाला होता, तो सोडावा. यंत्र बेसूर होत नाही हे खरे, परंतु ते नटासाठी थांबतही नाही. नट विसरला, दमला, रंगला, तरी ते आपल्या वेगाने पुढे जाते. नाटकातली साथ म्हणजे सोबत. जे थांबत नाही, त्याला सोबत कसे म्हणावे?

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. ह्या देवळाच्या नाटकांतील कित्येक जागा आणि चालींची वळणे माझ्या नि दोघा-तिघा वृद्धांच्या स्मरणातच उरली आहेत. छापील पुस्तकात चालीचे नाव मिळते, चाल मिळत नाही. दोन मुले माझ्याकडे पाठवावीत. मुले असोत वा मुली. मोबाइलवर ती सर्व मुद्रित करून घ्यावीत, वहीत उतरवावीत, आणि मुख्य म्हणजे माझ्या शेजारी बसून शिकावीत. मी दक्षिणा मागत नाही. उद्या प्रयोगाला पेटीशेजारी एक चटई रिकामी ठेवणार आहे. ज्याला शिकायचे असेल, त्याने नांदीपूर्वी येऊन तेथे बसावे.

श्रींच्या कृपेने आजवर सूर सांभाळता आला. तो पुढच्या हाती सोपविण्याएवढे आयुष्य मिळावे, हीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.