इंजिन धावते, होडी का धावत नाही?



हर्णै, जयगड, देवगड, मालवण, कोकणातल्या कुठल्याही बंदरात जा. लहान होडीच्या पाठीला टांगलेले इंजिन आता कुणाला नवीन राहिलेले नाही. मोठ्या नौकांना तेच इंजिन पोटात बसवलेले असते. इंजिन लहान असो की मोठे, त्याची सगळी ताकद शेवटी एकाच वस्तूतून पाण्याला पोचते. ती वस्तू म्हणजे पंखा. इंजिनाची आपण काळजी घेतो. त्याला तेल घालतो, पुसतो, त्यावर झाकण टाकतो. पंखा मात्र पाण्याखाली, नजरेआड. त्यामुळे बिघाड पंख्यात झाला तरी बोल इंजिनाला लागतो आणि पैसे मेकॅनिककडे जातात. म्हणून आज या पंख्याविषयी, आणि त्याहूनही त्याच्या मधल्या तुंब्याविषयी, चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी पंख्याचे काम समजून घेऊ. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीला गुंडाळा. त्याची तिरकी बाजू पेन्सिलीभोवती मळसूत्रासारखी चढत गेलेली दिसेल. पंख्याचे पाते म्हणजे अशाच मळसूत्राचा एक तुकडा. स्क्रू एक फेरा फिरला की लाकडात ठरावीक अंतर आत जातो, तसा पंखा पाण्यात पुढे सरकू पाहतो. एका फेऱ्यातल्या या अंतराला पिच म्हणतात. आपल्या पंख्याच्या तुंब्यावर १० आणि ९ असे आकडे कोरलेले असले, तर पंख्याचा व्यास १० इंच आणि पिच ९ इंच असे समजावे. पाणी लाकडासारखे घट्ट नाही, ते मागे सरते. म्हणून होडी प्रत्येक फेऱ्याला ९ इंच जात नाही, काही कमीच जाते. ओझे जास्त, तितकी ही घट जास्त.

पात्याच्या आकाराला किती महत्त्व आहे याची एक गमतीची हकीकत आहे. इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ या गृहस्थाने १८३६ साली मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. पुढच्या वर्षी लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात त्याची चाचणी चालू असताना लाकडी मळसूत्राचा निम्मा भाग मोडून पडला. होडी थांबेल असे वाटले, पण ती उलट जास्त वेगाने धावू लागली! तेव्हा पाते लांबलचक हवे हा समज गेला. आकारातल्या फरकाने होडी अशी सुधारते, तशी ती बिघडतेही. पात्याची कड खडकाला लागून थोडीशी मुडपली, तरी तिचा परिणाम होतोच.

आता तुंब्याकडे वळू. बैलगाडीच्या चाकाला मधे तुंबा असतो, त्यात आस बसतो आणि बाहेर आरे निघतात. पंख्याचेही तसेच आहे. फरक इतकाच की बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या पंख्यात तुंबा आणि दांडा यांचा संबंध मुद्दाम थोडा कच्चा ठेवलेला असतो. अगदी लहान इंजिनात दांड्यातून आडवी एक मऊ धातूची पिन जाते. मोठ्या इंजिनात तुंब्याच्या आत रबराचा जाड बुश दाबून बसवलेला असतो. पंखा खडकावर किंवा ओंडक्यावर आपटला की पिन तुटते किंवा रबर सरकते, आणि आतले गिअर वाचतात. घरातल्या विजेच्या फ्यूजची तार जे काम करते तेच हे. स्वतः जळायचे आणि घर वाचवायचे!

पण आपल्याकडे काय होते? पिन दोनदा तुटली की कुणीतरी तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकतो. रबर सरकले की कुणीतरी तुंबा वेल्डिंगने पक्का करून आणतो. काही दिवस बरे जातात. मग एके दिवशी पंखा खडकाला लागतो. या वेळी पिन तुटत नाही, गिअर तुटतात. पिन बदलायला दहा मिनिटे आणि एक पक्कड पुरते. गिअर काही समुद्रात बदलता येत नाहीत. खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ असताना, समोर वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असताना इंजिन निकामी झाले, तर प्रश्न पैशाचा राहत नाही, होडीतल्या माणसांचा होतो. कच्चा दुवा कच्चाच राहू द्या, हे माझे आजचे मुख्य सांगणे आहे.

आता निदान. हळू चालवताना होडी ठीक चालते, पण जोर दिला की इंजिन नुसते ओरडते आणि वेग वाढत नाही. याची मुख्य कारणे दोन. एक, तुंब्यातले रबर सरकत असेल. दुसरे, पंखा हवा ओढत असेल. इंजिन फार उंच टांगलेले असले, वळण एकदम घेतले किंवा पात्यांच्या कडा खराब झाल्या, तरी असे होते.

दोहोंतला फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. इंजिन बंद करा, गिअर मोकळा ठेवा आणि ठिणगीच्या प्लगची तार काढा. पंख्याला हात लावण्यापूर्वी हे तिन्ही करायचेच, बरं का! मग तुंब्याच्या मागच्या तोंडाशी पाहा. मधे धातूची नळी, तिच्याभोवती रबर आणि बाहेर तुंब्याचे कवच दिसेल. नळीपासून कवचापर्यंत रंगाने एक सरळ रेघ ओढा. सगळे पुन्हा जोडून होडी पूर्ण जोराने चालवा आणि परत पाहा. रेघ तुटून दोन तुकडे आजूबाजूला गेले असतील, तर रबर सरकते आहे. रेघ जशीच्या तशी असेल, तर दोष दुसरीकडे शोधा. रबरी बुश कारखान्यातच दाबून बसवावा लागतो. काही नव्या पंख्यांत प्लॅस्टिकचा बुश असतो, तो घरच्या घरी बदलता येतो.

समुद्रातच रबर सरकले तर घाबरू नये. जोर कमी करा. हळू चालवले की सरकलेले रबरही बहुधा पकड घेते आणि होडी घरी आणते.

होडी थरथरत असेल तर पाते वाकले आहे का ते पाहा. एक काठी पात्याच्या टोकाजवळ स्थिर धरून पंखा हाताने फिरवा. प्रत्येक पाते काठीपासून सारख्याच अंतरावरून गेले पाहिजे. थरथर अंगावर काढली की दांड्याचे बेअरिंग आणि सील जाते.

सीलचा दुसरा शत्रू म्हणजे जाळ्याचा नायलॉन दोरा. तो पंख्यामागे दांड्याला गुंडाळतो, सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते. तेल दुधासारखे पांढरट झाले की हे झाले म्हणून समजा. म्हणून अधूनमधून पंखा काढावा, दोरा साफ करावा, दांड्याच्या खाचांना पाण्यात न धुपणारे ग्रीस लावावे, वॉशर मूळ क्रमानेच बसवावेत आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी घालावी. नट कसताना पंखा हाताने धरू नका, पात्याला लाकडाचा ठोकळा लावा.

पोटात इंजिन असलेल्या नौकांचा दांडा टोकाला निमुळता असतो आणि पंखा त्यावर चावीने बसतो. तो काढताना हातोडा मारू नये, पुलर वापरावा आणि नट थोडा सैल करून दांड्यावरच ठेवावा, म्हणजे पंखा सुटून पायावर येत नाही. बसवताना आधी चावीशिवाय पंखा चढवा आणि कुठवर जातो तिथे खूण करा. मग चावी घालून चढवा. तो खुणेपर्यंत पोचला नाही, तर चावी उंच आहे आणि पंखा दांड्यावर न बसता चावीवर बसतो आहे. ती चावी घासून नीट करा. खाऱ्या पाण्यात जस्ताचा तुकडा स्वतः झिजून पंखा वाचवतो. तो निम्मा झिजला की बदला आणि त्याला रंग कधी लावू नका.

पावसाळी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. या सगळ्या तपासणीला त्याहून चांगला काळ नाही. शाळेजवळ अशी नौका असेल, तर गुरुजींनी मुलांना तिथे न्यावे. मळसूत्र, घर्षण, धातूंचा गंज, तिन्ही धडे एकाच पंख्यात सापडतील. आणि हंगाम सुरू झाला, की दोन जादा पिना, चार स्प्लिट पिना, एक नट आणि एक पक्कड डब्यात घालून होडीत ठेवा. वल्ही आणि नांगर तर हवेतच. खिळा मात्र किनाऱ्यावरच राहू द्या.