खाटेखालची शेगडी

आपल्या रेडिओवर फोन येतात, त्यात बचत गटाच्या अध्यक्षबाईंचे फोन पुष्कळ. परवा एक ताई म्हणाल्या, "मला शेवयांचं मशीन घ्यायचंय, बँकेचं कर्ज मिळतंय, पण बायका हलतच नाहीत. मी एकटीनं किती ओढू?" आवाज रडवेला झाला होता त्यांचा. आजचं बोलणं त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी.

लिज्जत पापड आपल्या सगळ्यांच्या घरात येतो. त्याची सुरुवात ठाऊक आहे? १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. जवळ होते उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी किती पाकिटं झाली? चार! हळूहळू आणखी बायका आल्या. मग आला पावसाळा. पापड वाळेनात, चार महिने काम बंद.

दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं? एक खाट आणली नि एक शेगडी. पापड खाटेवर पसरायचे, खाली शेगडी ठेवायची. झालं, पावसातही पापड वाळू लागले. मला या सगळ्या गोष्टीत ही खाटच फार आवडते. अडचण जेवढी होती, तेवढाच खर्च केला त्यांनी. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. पुढे मालाडला शाखा काढून पाहिली, ती चालली नाही. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातेत वालोडला निघाली, ती १९६८ साली. म्हणजे गच्चीवरच्या त्या दिवसानंतर नऊ वर्षांनी. आणि हिशेब चोख ठेवायचा, माल हलका करायचा नाही, हा छगनबाप्पा पारेखांचा सल्ला त्यांनी पाळला.

आता आपल्या गटाकडे या. बँक कर्ज देण्याआधी गट निदान सहा महिने नीट चाललाय का, ते वह्यांवरून बघते. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब, ही पंचसूत्री आपल्याला पाठच आहे. पुष्कळ जणींना हे सहा महिने म्हणजे नुसतं थांबणं वाटतं. पण याच काळात बायका पैशाबद्दल तोंड उघडायला शिकतात. दोन हजारांचं अंतर्गत कर्ज मागताना जी लाजली नाही, तीच पुढे बँकेच्या साहेबांना व्याजाचा दर विचारते.

हिशेब एकट्या अध्यक्षबाईंनाच कळत असेल, तर मोठं कर्ज घेऊ नका. हप्ता थकला की तो बाराही जणींच्या गळ्यात येतो. नि अंगठा उठवणारीला घरी जाब द्यावा लागतो, "कशावर अंगठा दिलास?" म्हणून. दर बैठकीला वही वेगळीनं वाचावी. वाचता येत नसेल तर शेजारणीनं वाचावी, तिनं आकडे सांगावेत. वेळ लागतो, कंटाळा येतो, चहा थंड होतो. होऊ द्या.

धीर धरायचा म्हणजे सगळं चालवून घ्यायचं, असं मात्र नाही हं. हप्ता चुकला तर त्याच बैठकीत विचारायचं, गोड बोलून, पण सगळ्यांसमोर. तिथं ढील दिली की नियमानं भरणारी मनातून उठते.

तर ताई, या बैठकीत मशीनचा ठराव मांडू नका. नुसतं कोटेशन मोठ्यानं वाचा. हप्ता किती, वीजबिल किती, पावसाळ्यात शेवया कुठं वाळवणार, विकणार कोण? उत्तरं त्यांच्याकडून येऊ द्या. मागं बसणारी एखादी "मला समजलं नाही" म्हणाली, तर पुन्हा पहिल्यापासून सांगा. आणि ज्या तिघी येतच नाहीत, त्यांना रागावण्याआधी बैठकीची वेळ बघा. खुरपणीच्या दिवसांत दुपारी तीनला कोण येणार? रात्री जेवणं झाल्यावर बसून बघा एकदा, नि काय झालं ते फोन करून कळवा.