सगळे, कोणी तरी, एकही नाही

(मंडळाच्या वाचनालयात रविवारच्या अभ्यासवर्गातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला उभा एक जण असला तरी हे बोलणे आम्हा तिघांचे आहे. आमच्यातले एक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, एकांची नोकरी बँकेत झाली, आणि तिसऱ्या ताई एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतात. गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी सकाळी आम्ही याच वाचनालयातल्या लांब टेबलाशी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पाच-सहा मुलांना घेऊन बसतो. विषय डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. विविक्त गणित असा मराठी शब्द आहे खरा, पण तो उच्चारला की मुले एकमेकांकडे बघतात, म्हणून आम्हीही इंग्रजीच वापरतो.

वर्ग सुरू झाला त्याचे कारण सांगायला हवे. आपल्यातल्याच एका घरातली मुलगी या पेपरात दोनदा नापास झाली आणि आईला म्हणाली, "मी कॉलेज सोडते, माझ्या डोक्यात हे शिरत नाही." तिच्या वह्या आम्ही मागवून घेतल्या. बीजगणित चांगले, समाकलन स्वच्छ, अक्षर तर आमच्यापेक्षा सुंदर. अडत होती ती पहिल्याच प्रकरणाला, म्हणजे तर्कशास्त्राला. त्यात आकडेमोड जवळजवळ नसतेच. एक वाक्य दिलेले असते आणि ते नीट वाचायचे असते. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, पुस्तकात इंग्रजी, अशी आपल्या इंदूरच्या मुलांची तिहेरी कसरत. वाक्य तिन्ही भाषांतून फिरून डोक्यात पोचेपर्यंत त्यातला 'सर्व' कुठे गेला आणि 'नाही' कुठे जाऊन बसला, याचा पत्ता लागत नाही.

सुरुवात आम्ही 'जर-तर'पासून केली. बापाने मुलाला सांगितले, "पास झालास तर मोबाईल घेऊन देईन." मुलगा नापास झाला, आणि बापाने तरीही मोबाईल दिला. बापाने शब्द मोडला का? टेबलाभोवती सगळे म्हणाले, मोडला. तर्कशास्त्र म्हणते, नाही मोडला. नापास झाल्यावर काय होईल याबद्दल बाप काही बोललाच नव्हता. पास होऊनही मोबाईल मिळाला नसता तरच तो खोटा ठरला असता. आपण 'तर' ऐकतो आणि मनात 'तरच' लिहून ठेवतो. इंग्रजी पुस्तकात या फरकासाठी अर्धे पान खर्ची पडते; मराठीत तो एका 'च'मध्ये मावतो. हे सांगितल्यावर त्या मुलीने पहिल्यांदा वहीत स्वतःहून काही लिहिले.

आपल्याकडे हे नवे नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात धूर आणि अग्नीचा जो दाखला आहे तो जुन्या मंडळींना ठाऊक असेल. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसे तळे. पण जिथे अग्नी तिथे धूर असे मात्र म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धुराला ओले जळण लागते. विधान, त्याचा व्यत्यास आणि त्याचे प्रतिउदाहरण, असे आजच्या अभ्यासक्रमातले निम्मे प्रकरण त्यात आले. एका मुलाने विचारले, मग हे आम्हाला शाळेत का नाही सांगितले? निवृत्त शिक्षकांनी त्या दिवशी चहा लवकर मागवला.

एक गोष्ट मात्र मुलांना कितीही सांगितली तरी पटत नव्हती. माझ्या खिशात एकही नाणे नाही. तर "माझ्या खिशातली सगळी नाणी सोन्याची आहेत" हे विधान खरे की खोटे? खरे. खोटे पाडायचे असेल तर खिशातून सोन्याचे नसलेले एक तरी नाणे काढून दाखवा. ते निघणार नाही. मुले म्हणाली, ही फसवाफसवी आहे. तेव्हा सॉफ्टवेअरवाल्या ताईंनी त्यांच्या कामातला प्रसंग सांगितला. ज्यांनी कर्जाचे सर्व हप्ते भरले आहेत अशा ग्राहकांची यादी संगणकाकडून काढायची होती. यादी आली, आणि तिच्यात ज्यांनी कधी कर्जच घेतले नव्हते अशांचीही नावे होती. संगणकाचे काही चुकले नव्हते. त्या ग्राहकांचा न भरलेला एकही हप्ता नव्हता, कारण हप्ताच नव्हता. 'सर्व' हा शब्द 'एक तरी आहे' असे आश्वासन देत नाही. ज्याला कर्ज घेतलेलेच लोक हवेत त्याने ते वेगळे लिहावे लागते.

या 'सर्व' आणि 'एक तरी' यांसाठी गणितात दोन खुणा आहेत. उलटा केलेला इंग्रजी ए म्हणजे सर्व, आणि आरशात पाहिल्यासारखा ई म्हणजे एक तरी आहे. ई इटलीच्या पेआनोने १८९७ साली वापरला, ए जर्मनीच्या गेंट्झेनने १९३५ साली. त्यांच्यामागची कल्पना मात्र फ्रेगेच्या १८७९ च्या एका लहानशा पुस्तकातली आहे. मुले या खुणांना घाबरतात, कारण त्या परक्या दिसतात. आम्ही त्यांना सांगितले की 'सर्व' म्हणजे लांबलचक 'आणि', 'एक तरी' म्हणजे लांबलचक 'किंवा'. पूजेच्या ताटात हळद आणि कुंकू दोन्ही आहे, हे खोटे असेल तर? हळद तरी नाही किंवा कुंकू तरी नाही. दोन्ही नाहीत असे म्हणण्याची घाई करायची नाही. 'नाही' आत शिरला की 'आणि'चा 'किंवा' होतो. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते डी मॉर्गन १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मले. दिल्लीच्या रामचंद्र मास्तरांचे गणिताचे पुस्तक लंडनमध्ये १८५९ साली पुन्हा छापले गेले तेही त्यांच्याच खटपटीने. ताटात दोनऐवजी एकवीस जिनसा असल्या तरी नियम तोच. "सर्व सामान आहे" याचा नकार "एक तरी जिन्नस राहिली आहे", आणि ती कोणती हे गुरुजी बसल्यावरच कळते.

आता त्याहून अवघड भाग, दोन खुणांचा क्रम. सराफ्यात रात्री जा. "प्रत्येक दुकानात काही तरी गोड मिळते" हे एक विधान. "काही तरी एक गोड असे आहे की ते प्रत्येक दुकानात मिळते" हे दुसरे. पहिले खरे असायला इथे जलेबी, तिथे रबडी, पलीकडे मालपुआ असले तरी चालेल. दुसऱ्याला सगळीकडे एकच पदार्थ हवा. मुलांना हे लगेच समजले, खाण्याचे उदाहरण होते. पण मंडळाच्या बैठकीचे उदाहरण आम्हा मोठ्यांना जास्त लागले. "प्रत्येक सभासदाला सोयीचा एखादा दिवस आहे", म्हणून "एखादा दिवस प्रत्येक सभासदाला सोयीचा आहे" असे धरून आपण बैठक बोलावतो, आणि गणसंख्या भरत नाही म्हणून अर्ध्या तासाने तहकूब करतो.

ही घसरण लहानांचीच नाही. कोशीसारख्या थोर फ्रेंच गणितज्ञाने १८२१ च्या आपल्या पुस्तकात अखंड फलांच्या अभिसारी श्रेणीची बेरीजही अखंडच असते असे लिहिले, आणि १८२६ साली नॉर्वेच्या तरुण आबेलने त्याला अपवाद दाखवला. आज वर्गात शिकवताना हा घोटाळा 'प्रत्येक'च्या आधी 'एक' घ्यायचा की नंतर, असाच समजावतात. आमच्या विद्यार्थिनीला कोशीचा फार आधार वाटला.

इथपर्यंतचे सगळे आम्ही शिकवले. पुढचे आम्हाला शिकावे लागले.

मुलांना घरचा अभ्यास दिला होता. छापील मजकुरातली 'सर्व' असलेली वाक्ये शोधा आणि त्यांचे नकार लिहा. ती मुलगी वाचनालयातल्या कपाटातून मंडळाचा दोन वर्षांपूर्वीचा वार्षिक अहवाल घेऊन आली. एका वाक्याखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली होती. "सर्व कुटुंबांनी यंदा वर्गणी वेळेत भरलेली नाही, याची नोंद घ्यावी." ती म्हणाली, "काका, याचे दोन अर्थ होतात. एकानेही भरली नाही, किंवा काहींनी भरली नाही. यातला कोणता?"

आम्ही गप्प बसलो. ते वाक्य आमच्यातल्याच एकाने, बँकेतून निवृत्त झालेल्याने, लिहिले होते. त्यांना म्हणायचे होते की मोजकी घरे राहिली आहेत. पण दर वर्षी पहिल्या दिवशी, पावती पुस्तक उघडले की पहिली वर्गणी भरणारे एक आजोबा तो अहवाल सभेत वाचला जात असताना उठून गेले होते. नंतर ते मंडळात आले नाहीत. ना आरतीला, ना कोजागिरीला. आम्ही म्हणत होतो, वयामुळे चिडचिडे झालेत.

मुलीच्या आजी त्या दिवशी तिला न्यायला आल्या होत्या. त्यांनी वाक्य ऐकले आणि उभ्या उभ्या दुरुस्त केले. "सगळ्यांनीच काही वर्गणी भरली नाही असं नाही, असं लिहायचं होतं का तुम्हाला?" मग स्वतःच थांबून म्हणाल्या, "नाही, हे उलटंच झालं. सगळ्यांनीच काही भरलेली नाही. असं." बघा, त्या 'च काही'ने काम झाले. "सगळेच काही वाईट नसतात" हे आपण रोज बोलतो, आणि त्याचा "एकही वाईट नसतो" असा अर्थ कोणी घेत नाही. आणि कोणीच नाही म्हणायचे तर 'एकाही कुटुंबाने' हा शब्द तयार असतो. सोय दोन्ही बाजूंनी होती. अहवाल लिहिणाऱ्याने सरकारी थाटाचे वाक्य उचलले आणि बोलण्यातले 'च काही' गावंढळ समजून गाळले.

पुढच्या रविवारी वर्ग न घेता आम्ही तिघे आणि ती मुलगी आजोबांच्या घरी गेलो. अहवालाची प्रत बरोबर होती. आम्ही वाक्याचे दोन अर्थ समजावू लागलो. त्यांनी हाताने थांबवले.

"अहो, दोन अर्थ निघतात हे मला सभेतच कळलं होतं. मी चाळीस वर्षं कारकुनी केली आहे. पण दोन वर्षांत तुमच्यापैकी कोणीही विचारायला आलं नाही."

या वाक्याला मात्र दोन अर्थ नव्हते. ते खोटे ठरायला आमच्यातला एक जण पुरला असता. सगळ्यांनी जायची गरज नव्हती. एक जण, एकदा. 'कोणी तरी जाईल' असे प्रत्येकाने धरले, आणि तो 'कोणी तरी' म्हणजे नेमका कोण हे कोणीच ठरवले नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या मुलीने विचारले, "आजोबा, तुम्ही पावत्या ठेवल्या आहेत का?" त्यांनी कपाट उघडून पावत्यांची फाइल काढली, सालवार लावलेली, आणि तिला एकेक दाखवत बसले. आमच्याशी ते जाताना दोनच शब्द बोलले. ते आजही इथे आलेले नाहीत, आणि त्यांना कोणी आग्रह करू नये अशी आमची विनंती आहे. मुलगी मात्र अधूनमधून त्यांच्याकडे जाते. ती उदाहरणे नेते, ते चुका काढतात.

कार्यकारिणीने आमची एक सूचना मान्य केली आहे. यंदाचा अहवाल छापायला जाण्यापूर्वी रविवारच्या वर्गातली मुले तो वाचतील, आणि ज्या वाक्याचे दोन अर्थ निघतील ते परत पाठवतील. पहिल्या कच्च्या मसुद्यातून त्यांनी अकरा वाक्ये परत पाठवली. लिहिणारे थोडे रागावले आहेत. वर्गणीचे वाक्य आता असे आहे: "काही कुटुंबांची वर्गणी अजून यायची आहे, ज्यांची आली त्यांची नावे, तारखेच्या क्रमाने, मागे दिली आहेत."

तिचा पेपर डिसेंबरात आहे. दरम्यान ग्राफ आणि संबंध ही प्रकरणे आम्हालाच पुन्हा वाचावी लागत आहेत, तेव्हा कोणाला येत असतील तर मदतीला यावे. वर्ग रविवारी दहाला असतो. चहा मंडळाचा, वही आपापली.