पांखरांचा रोग आणि आपलें घर



परवां आमच्या रिद्धपुरास एक शाळकरी मुलगा मेलेला कावळा उचलून माझ्या ओट्यावर घेऊन आला. “गुरुजी, हा कशानें मेला?” असें त्यानें विचारलें. मला उत्तर देतां येईना. मीं आधीं त्याचे हात साबणानें धुवून घेतले. आजचें भाषण त्या प्रश्नांतूनच निघालें आहे.

बर्ड फ्लू हा मूळचा पाणपक्ष्यांचा रोग. रानबदकें त्याचे विषाणू अंगांत बाळगूनही पुष्कळदां धडधाकट दिसतात. परंतु कोंबड्यांस लागण झाली म्हणजे खुराडेंच्या खुराडें दोनतीन दिवसांत ओस पडतें. भारतांत हा रोग कोंबड्यांत प्रथम आढळला तो आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें, फेब्रुवारी २००६ मध्यें. त्या वेळीं लाखों कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पुढें डिसेंबर २०२४ मध्यें नागपूरच्या गोरेवाडा येथें तीन वाघ व एक बिबट्या ह्याच रोगानें दगावले.

माणसास हा रोग क्वचितच होतो, आणि माणसापासून माणसास सहजीं लागत नाहीं. तथापि २००३ पासून जगांत ज्यांस एच५एन१ची लागण झाल्याचें ठरलें, त्यांतील सुमारें निम्मे लोक वांचले नाहींत. म्हणून भिऊं नये, पण गाफीलही राहूं नये. मांस व अंडीं पूर्ण शिजवावींत. ७० अंश सेल्सिअस उष्णतेनें विषाणू मरतो. कच्चें मांस कापलेल्या सुरीनें कोशिंबीर चिरूं नये. मेलेल्या पांखरास उघडा हात लावूं नये. अशा पांखराशीं संबंध येऊन मग ताप-खोकला झाला, तर डॉक्टरांस ती गोष्ट आवर्जून सांगावी.

खरा धोका मात्र लपवाछपवींत आहे. परसांतील दहा कोंबड्या हीच जिची शिल्लक, ती बाई वर्दी देण्यास कचरते आणि आजारी कोंबडी स्वस्तांत विकून मोकळी होते. तिला दोष देण्याआधीं नियम समजावून सांगावा: रोग थोपविण्यासाठीं सरकार ज्या कोंबड्या मारवितें, त्यांची भरपाई मिळते, आधींच मेलेल्यांची मिळत नाहीं. लवकर वर्दी देण्यांत तिचेंच हित आहे. आपणही अफवेवर विसंबून निरोगी कोंबडीवर बहिष्कार घातला, तर तिचें तोंड बंद करण्यास हातभारच लावतों.

त्या कावळ्याची वर्दी आम्हीं पशुवैद्यकीय दवाखान्यांत दिली. तो कशानेंही मेला असो. मुलाचा प्रश्न योग्य जागीं पोंचला. प्रत्येक घरानें एवढें केलें, तरी पुष्कळ झालें.